घडी घातलेली ताडपत्री

१

माझा भाऊ कसा मेला ते कागदावर दीड ओळीत लिहिलेलं होतं. 'सौर पॅनेलच्या वायरचे काम करताना आवश्यक ती काळजी न घेतल्याने विजेचा धक्का बसून मृत्यू.' खाली तारीख, जागा डोंगरी, आणि माहिती देणाऱ्याचं नाव: स्वप्नील परुळेकर, मालक, ऋतुसखा कंपनी.

मी संघप्रिया हिवराळे. ठाण्याच्या कोर्टात बावीस वर्षं लघुलेखक आहे. लोक बोलतात, मी टिपते. खून केलेले, खून बघितलेले, काहीच न बघता जबाब द्यायला आलेले, सगळ्यांचं बोलणं माझ्या वहीतून गेलंय. 'आवश्यक ती काळजी न घेतल्याने' हे शब्द जिवंत माणूस मेलेल्याच्या नावावर खपवतो, एवढं मला त्यातून कळलंय.

आणि काळजी कुणी घेतली नाही म्हणे? धम्मदीपने! बल्ब बदलायचा तर घराचा मेन स्विच बंद करणारा माणूस तो. इस्त्रीचा प्लग काढला का हे बघायला जिन्यावरून परत यायचा. आम्ही त्याला भित्रा म्हणून चिडवायचो. चौतीस वर्षांचा होता.

यंत्र त्याचंच होतं. डोंगरीच्या किनाऱ्यावर बायका बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालतात. हल्ली पाऊस कधीही येतो, डिसेंबरात येतो, मार्चमध्ये येतो, आणि आठवड्याचा माल एका सरीत सडतो. धम्मदीपने त्यांच्यासाठी प्लास्टिकचा लांब बोगदा केला. आत बोंबील टांगायचे, दोन्ही टोकांना पंखे, पंख्यांना सौर पॅनेल. पाऊस असो नसो, दीड दिवसात माल तयार. स्वप्नीलने त्याला नोकरीवर घेतलं, यंत्राला 'ऋतुसखा' नाव दिलं आणि रंगीत पुस्तिका छापली. त्यात धम्मदीपचं नाव शेवटच्या पानावर, आभारात.

सोमवारी चार वाजता शांती नगरच्या ऑफिसात करार होणार होता. हंसाबेन नावाच्या बाई गुंतवणूकदारांच्या वतीने सही करणार होत्या. अशी पाचशे यंत्रं अख्ख्या किनाऱ्यावर बसणार होती. त्यांची अट एकच: मृत्यूला कंपनी जबाबदार नाही, असा कागद फाईलला हवा. म्हणजे सोमवारी माझा भाऊ स्वतःच्या मूर्खपणाने मेला, हे कायमचं ठरणार होतं.

आई रोज विचारायची, "प्रिया, माझा धम्मा खरंच एवढा बेफिकीर होता का गं?" मला उत्तर हवं होतं. खोटं कशाला बोलू, नुसतं उत्तर नको होतं. ज्याने हे केलं त्याचा गळा हवा होता.

त्या दिवशी दवाखान्यात एकच माणूस आमच्यासाठी रडलेलं दिसलं. कंपनीतली इंजिनिअर क्षितिजा. डोळे सुजलेले, नाक लाल, आवाज बसलेला. आईचे दोन्ही हात हातात घेऊन ती अर्धा तास बसली होती. ही पोर माझ्या भावावर जीव लावून होती की काय, असं वाटून मला तिची फार माया आली होती.

शनिवारी सकाळी पंचनाम्याच्या फोटोंची प्रत हातात आली. बारा फोटो. नऊ नंबरचा फोटो मी दहादा बघितला. पॅनेलची चकचकीत काच, भर दुपारचं ऊन, आणि काचेवर बसलेले पाच कावळे, माना खाली घालून चोची मारत.

अंडं फुटून शिजेल एवढ्या तापलेल्या काचेवर कावळे काय खात होते?

२

डोंगरीला रिक्षाने गेले. शेडचा राखणदार धाकू दारातच बसला होता. साठीचा, रापलेला, कमरेला टॉवेल. धम्मदीप त्यालाच सापडला होता.

"मी जेवाया गेलतो, बाय," त्याने मी विचारण्याआधीच सांगितलं. "साडेअकराला गेलो, पावनेएकला आलो. तो पॅनेलच्या मागं पडलेला, वायरीचा जळका जोड दुरुस्त करता करता. मी त्याला हात लावला तं अजून ऊन व्हता."

"आणि गावातल्या बायका?"

"समद्या धक्क्यावर. बोट लागली व्हती."

कंपनीने धाकूबद्दलही पुडी सोडून दिली होती. दारू पितो म्हणे, त्यानेच स्विच चालू केला असेल म्हणे. मी त्याला सरळ विचारलं.

तो हसला. "कंचा स्विच? धम्माभाऊ मला काय बोलायचा ठावं हाय? धाकूकाका, या पॅनेलला बटन न्हाय. ऊन हाय तवर वायरीत करंट हाय. हात लावायचा तं आधी काच झाकायची."

हे मी धम्मदीपच्या तोंडूनही शंभरदा ऐकलं होतं. कंपनीचं म्हणणं असं, की त्या दिवशी त्याने काच झाकलीच नाही. कारण पोलीस आले तेव्हा पॅनेल उघडं होतं आणि झाकायची ताडपत्री शेडमध्ये घडी घालून ठेवलेली होती.

सुलू वलांडीखाली बोंबील निवडत होती. बायकांच्या गटाची ती म्होरकी. शेडच्या जागेवरून तिचं आणि कंपनीचं दोनदा वाजलं होतं, म्हणून स्वप्नीलच्या संशयितांत तीही होती. मी तिला कावळ्यांचा फोटो दाखवला.

तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "यात काय हाय इचारण्यासारखं? जवला खातायत."

"काचेवर जवळा कुठून आला?"

"आमच्या ताडपत्रीचा. आमी जवला, ती बारकी कोलंबी, ताडपत्रीवर सुकवतो. गोला केला तरी बारीक चुरा चिकटून र्‍हातो. ती ताडपत्री कुनी काचेवर टाकली असंल, तं चुरा काचेला लागनारच."

मी खाली वाळूत बसले. म्हणजे काच झाकली होती. माझ्या भावाने झाकली होती. आणि तो हातात वायर धरून बसलेला असताना ती कुणीतरी काढली.

"ताडपत्री कुठाय?"

सुलूने शेडच्या आढ्यावरून निळं गाठोडं काढलं. "त्या दिसापासून कुनी वापरत न्हाय. मानूस मेला तिच्यापायी. जशी गावली तशीच ठेवली हाय." तिने ते माझ्यासमोर टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "घडी बग कशी घातलीय. कपाटातल्या चादरीवानी."

खरंच. कडा कडेला लावलेली, चारी बाजू सारख्या. कोपऱ्यांना नायलॉनच्या दोऱ्या होत्या, त्याही नीट आत खोचलेल्या.

"मग कशी घालता तुम्ही?"

"आमी घडी घालतच न्हाय गो! जवल्याची ताडपत्री घडी केली का कुजते, कवा उघडाल तवा नाक धराल. ती वलांडीवर टाकायची, वारा खाऊं द्यायचा. गावातलं बारकं पोर बी घडी घालनार न्हाय."

"धम्मदीपने घातली असेल?"

"तीन म्हयने तो आमच्यासंगं व्हता. पैल्याच दिवशी त्यानं घडी घातली व्हती, तवा मी त्याला अशी शिवी घातली का परत हात न्हाय लावला." सुलूने पदराने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे बघून दात ओठ खात म्हणाली, "बाय, ही घडी ज्यानं घातली त्याला माज्याकडं आन."

धाकू नाही, सुलू नाही, गावातलं कुणीच नाही. बाहेरचं माणूस. आणि बाहेरचं म्हणजे माझ्या डोक्यात एकच नाव होतं. मी ताडपत्री पिशवीत घातली आणि शांती नगरची रिक्षा पकडली.

३

स्वप्नील परुळेकरच्या ऑफिसात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बदलतं हवामान ही संधी आहे.' कुणासाठी, ते लिहिलं नव्हतं.

"ताई, धम्मदीप मला भावासारखा होता," तो म्हणाला. गोरापान, दाढी कोरलेली, मनगटावर दोन घड्याळं वाटावीत असलं काहीतरी. "मी रात्र-रात्र झोपत नाहीये. पण फॅक्ट्स आर फॅक्ट्स. सेफ्टीचं ट्रेनिंग आम्ही दिलं होतं."

"तू त्याला? की त्याने तुला?"

त्याने ते ऐकलं नाही असं दाखवलं. "बघा, क्लायमेटच्या धंद्यात स्पीड लागतो. जग वाट बघत नाही. त्याचा स्वभाव जरा... स्लो होता. प्रत्येक गोष्ट तपासायची, पुन्हा तपासायची."

"मग असा माणूस न झाकता वायरला हात लावेल?"

"माणूस एखाद्या दिवशी चुकतो ना, ताई."

"तू कुठे होतास त्या दिवशी बारा वाजता?"

याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा तो खुलला. "अंधेरीला, परिषदेत. स्टेजवर. चारशे लोकांसमोर. व्हिडिओ नेटवर आहे, बघा तुम्ही. आपल्या डोंगरीच्या युनिटचं लाईव्ह दाखवत होतो मी. यंत्र सुरू होतं, सगळं ऑटोमॅटिक. आणि तिकडे त्याच वेळी..." त्याने मान खाली घातली.

मी त्याची खाली घातलेली मान बघत राहिले. मला ती हवी होती आणि तिच्याभोवती चारशे साक्षीदार उभे होते. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

"यंत्राची नोंद असते ना? पंखे कधी बंद, कधी चालू?"

"असते. पण त्या दिवसाची करप्ट झाली. शॉर्ट सर्किटमुळे."

बाहेर क्षितिजाने मला चहा आणून दिला. सव्वीस-सत्तावीसची, बारीक अंगाची, स्वच्छ. टेबलावर फायली, पेनं, स्टेपलर, सगळं कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलेलं.

"ताई, आई कशा आहेत? जेवतात का?"

मला भरून आलं. एवढं तरी विचारणारं कुणी होतं. "तू तरी होतीस बाळा त्याच्याबरोबर?"

"नाही ना. मी डोंगरीला फार जातच नाही. मला कोळंबी, जवळा असल्या गोष्टींचा खूप त्रास होतो. नुसता हात लागला तरी अंगभर पित्त उठतं. किनाऱ्यावर जवळा वाळत असला की मी शेडच्या जवळपासही जात नाही. धम्मदीपदादाने माझ्यासाठी दारावर पाटी लावली होती, 'जवळा आत आणू नये'." ती कसंनुसं हसली. "त्या दिवशी तर सगळीकडे जवळाच होता. मी केबिन रोडला जितेशभाईंच्या दुकानात पंख्याचे जोड आणायला गेले होते. तिथेच फोन आला."

"किती वाजता गेलीस दुकानात?"

"साडेअकरापासून तिथेच होते. गर्दी होती."

मी निघताना तिने माझा हात दाबला. "ताई, सोमवारी या तुम्ही. कंपनी आईंसाठी काहीतरी करणार आहे. मीच स्वप्नीलसरांना सांगितलंय."

रिक्षात बसल्यावर माझ्या मनात एकच होतं. स्वप्नील तिथे नव्हता हे खरं असेल. पण मग नोंद का पुसली? पुसायला काहीतरी असल्याशिवाय कुणी पुसतं का?

४

रविवारी मी तो व्हिडिओ लावला. बावीस वर्षांत एक सवय लागलीय. साक्षीदार काय बोलतो ते हात टिपतो, तेव्हा डोळे मोकळे असतात.

स्वप्नील स्टेजवर मिरवत होता. मागे मोठ्या पडद्यावर डोंगरीचा बोगदा, पॅनेल चौकटीबाहेर, कोपऱ्यात वेळ. धम्मदीपने पंख्यांच्या जाळीला लाल रिबिनी बांधल्या होत्या. रिबीन उडतेय म्हणजे पंखा चालतोय, बायकांना लांबून कळावं म्हणून.

अकरा अठ्ठावन्न. रिबिनी सरळ खाली लोंबत होत्या.

मी खुर्ची पुढे ओढली. ऊन कडकडीत, तरी दोन्ही पंखे बंद. म्हणजे काच झाकलेली होती. कावळ्यांनी सांगितलं तेच रिबिनी सांगत होत्या.

बारा वाजून एक मिनिट. स्वप्नील बोलता बोलता मागे वळला, पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याने हसत काहीतरी विनोद केला आणि मोबाइल काढला. अंगठा भराभर चालला. दहा-बारा सेकंद. मोबाइल खिशात.

बारा नऊ. दोन्ही रिबिनी एकदम उडाल्या.

मी व्हिडिओ थांबवला. वहीत वेळ लिहिली. बारा नऊ. त्याच क्षणी वायरीत वीज आली होती आणि वायर माझ्या भावाच्या हातात होती.

स्वप्नीलने कुणाला तरी सांगितलं आणि त्या माणसाने ताडपत्री काढली. कुणी? कंपनीत माणसं सतरा. मी यादी काढली, खोडली, पुन्हा काढली. मग चिडून पिशवीतली ताडपत्री काढली आणि हॉलमध्ये पसरली. पंधरा फूट लांब. एकट्या माणसाला तिची अशी घडी घालायला किती वेळ लागतो ते मला बघायचं होतं. कडा जुळवा, चालत दुसऱ्या टोकाला जा, पुन्हा जुळवा, दोऱ्या खोचा. घड्याळ लावलं होतं. सहा मिनिटं.

सहा मिनिटं. शेजारी माणूस पडलाय, धाकू पाऊण वाजता आला तेव्हाही त्याचं अंग गरम होतं, आणि हे माणूस सहा मिनिटं ताडपत्रीच्या कडा जुळवत होतं. फोन करायला एक मिनिट पुरलं असतं. मी त्या घडीवर बुक्क्या मारल्या. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "क्या हो रहा है उपर?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. सत्तरीची सरोजाबाई, धम्मा गेल्यापासून धड जेवलेली नाही. तिने माझे हात धरून मला उठवलं आणि मग थांबली. हात नाकाजवळ नेले.

"जवळा?"

"ताडपत्रीचा वास आहे आई. धुते."

"अगं, तसं नाही." ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "त्या दिवशी दवाखान्यात त्या पोरीच्या हातांना हाच वास येत होता. मी मनात म्हटलं, एवढी साहेबीण, सकाळी जवळा निवडून आली की काय."

मी आईकडे बघितलं. दवाखान्यातला तो बाक आठवला. सुजलेले डोळे, लाल नाक, बसलेला आवाज. आणि आईच्या हातांत ते हात, लाल गांधी उठलेले. मी समजले होते, पोरीने रडून रडून स्वतःला ओरबाडून घेतलंय.

ती रडली नव्हती. तिला पित्त उठलं होतं.

५

सोमवारी सकाळी मी केबिन रोडला जितेशभाईंच्या दुकानासमोर उभी होते. त्यांना तो दिवस पक्का आठवत होता.

"मॅडम आले होते ना. पण साडेअकरा नाही, दोन वाजले होते. मी जेवून आलो पछी. तोंडावर दुपट्टा, हात बघा असे खाजवत होते. मला विचारले, जितेशभाई, मेडिकल कुठे आहे? मी बोललो, बेन, डॉक्टरकडे जा, डोळे बंद होऊन गेले तुमचे."

तिथून मी पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी तास-दीड तास ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार वाजता मी येतो. तुम्ही बोला. मी बसतो."

चार वाजता ऑफिसात हार होते, पेढे होते. पांढऱ्या साडीतल्या हंसाबेन चष्मा लावून करार वाचत होत्या. साहेब साध्या कपड्यांत कोपऱ्यात चहा घेत होते. स्वप्नीलला वाटलं, ते फाईल बंद झाल्याचा कागद घेऊन आलेत. त्याने त्यांना दोन पेढे दिले. मी सुलू आणि धाकूला घेऊन आत शिरले आणि टेबलावर, त्या करारावरच, निळी ताडपत्री टाकली.

"ताई, हे काय?" स्वप्नील उठला.

"क्षितिजा," मी म्हटलं, "ही जरा उघडून परत घडी करायचीय. दोन टोकं धर."

ती मागे सरकली. दोन्ही हात पाठीमागे गेले. "ताई, मला... त्रास होतो. तुम्हाला माहितीय."

"माहितीय ना. तूच सांगितलंस. नुसता हात लागला तरी पित्त उठतं. मग त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात तुझे डोळे कशाने सुजले होते? तू तर डोंगरीला गेलीच नव्हतीस."

"मी रडत..."

"हातांवर गांधी रडून उठत नाहीत. आईला तुझ्या हातांना जवळ्याचा वास आला होता. तू साडेअकराला नाही, दोन वाजता केबिन रोडला होतीस. आधी औषधाचं दुकान विचारलंस, मग पंख्याचे जोड घेतलेस. जोड कशाला हवे आहेत, हे तुला धम्मदीपने सकाळीच सांगितलं असणार, कारण जळालेला जोडच तो दुरुस्त करत होता."

हंसाबेननी चष्मा काढला. "बेन, नीट सांगा. मला समजू द्या."

मी सांगितलं. कावळे, काचेवरचा जवळा, लोंबणाऱ्या रिबिनी, बारा वाजून एक मिनिटाला स्वप्नीलचा अंगठा, बारा नऊला उडालेल्या रिबिनी. गावात कुणी घालत नाही अशी घडी. सुलूने मध्येच क्षितिजाच्या टेबलाकडे बोट दाखवलं, तिथल्या कोपऱ्याला कोपरा लावलेल्या फायलींकडे.

"मूर्खपणा आहे हा!" स्वप्नील ओरडला. "मी स्टेजवर होतो. हिने तिथे जाऊन काय केलं, मला काय माहीत? क्षितिजा, तू स्वतःहून गेली होतीस? मला न विचारता?"

मी क्षितिजाकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती होती. तो हे बोलला आणि भीतीच्या जागी दुसरंच काही आलं. ते मी ओळखलं, कारण तीन आठवडे आरशात तेच बघत होते.

तिने मोबाइल काढला. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "'पंखे बंद दिसतायत. माझी इज्जत जातेय इथे. कव्हर काढ. धम्मदीपला नंतर सांग.' बारा वाजून एक मिनिट. सर, तुम्ही मला डिलिट करायला सांगितलं होतं. मी नाही केलं."

ती बोलत सुटली आणि मी वही काढून टिपायला लागले. हात आपोआप चालला. तिला स्वप्नीलने लाईव्हसाठी मुद्दाम पाठवलं होतं. ती स्कूटरवर लांब थांबून लॅपटॉप सांभाळत होती. मेसेज आला तेव्हा आसपास कुणी नव्हतं. "मी हाक मारली होती ताई. एकदा. वाऱ्याने ऐकू गेली नसेल. मला वाटलं, तो नुसता बसलाय."

"ताडपत्री चार दोऱ्यांनी बांधलेली होती," मी मान वर न करता म्हटलं. "पुढच्या दोन सोडून तू मागच्या दोन सोडायला गेलीस. तिथेच तो बसला होता. हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. वायर त्याच्या हातात दिसली नाही तुला?"

मी वहीत लिहिलं: साक्षीदार गप्प.

"सर म्हणाले होते, नंतर सांग," ती शेवटी म्हणाली.

"आणि तो पडल्यावर सहा मिनिटं घडी घातलीस."

"वापरलीच नव्हती असं दिसावं म्हणून... मी घाबरले होते हो ताई!"

"तोही घाबरायचा. म्हणून तो काच झाकायचा."

स्वप्नील दाराकडे निघाला होता. धाकू दारातच उभा होता आणि हलला नाही. कोपऱ्यातले साहेब उठले, पेढे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "परुळेकर, मोबाइल इकडे द्या. मॅडम, तुमचाही."

माझं काम तिथे संपायला हवं होतं. कोर्टात संपलं असतं. पण मला अजून भूक होती. मी हंसाबेनच्या लॅपटॉपवर तो व्हिडिओ लावला आणि आवाज पूर्ण मोठा केला. बारा नऊला रिबिनी उडाल्या आणि हॉलमधल्या चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. चौदा सेकंद. स्वप्नील त्यात वाकून वाकून नमस्कार करत होता. मी तो तुकडा तीनदा लावला. स्वप्नीलला खुर्चीवर बसवून बघायला लावला. तिसऱ्या वेळी त्याने कान झाकले तेव्हा सुलूने त्याचे हात धरून खाली केले, आणि साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

हंसाबेननी करार ताडपत्रीखालून ओढून काढला आणि आडवा-उभा फाडला. मग मला विचारलं, "हे यंत्र तमारा भाईने बनवले? एकट्याने?"

"त्याने आणि ह्यांनी," मी सुलूकडे बोट दाखवलं.

"तो मग मी ह्यांच्याशी बोलणार," त्या म्हणाल्या आणि सुलूशेजारी जाऊन बसल्या.

६

संध्याकाळी मी आईला सगळं वाचून दाखवलं. लघुलिपीतून, जसं बोलले तसं. एक शब्द गाळला नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हणजे धम्माने झाकलं होतं," ती म्हणाली.

"झाकलं होतं आई. चारी दोऱ्या बांधून."

तिने बराच वेळ मान हलवली. धम्मदीपचा दोन वेळचा डबा तिने अजून पालथा घातला नव्हता, तो तिने मांडीवर घेतला.

"मग आता त्यांना फाशी?"

मी बावीस वर्षं कोर्टात आहे. आईशी खोटं बोलता आलं असतं. "नाही आई. फाशी होत नाही अशात. काही वर्षं होतील. चांगला वकील मिळाला तर आणखी कमी."

"किती कमी?"

"पोरीला चार, पाच. त्याला कदाचित थोडी जास्त. सांगता येत नाही."

आईने बोटांवर मोजलं. आताचं सत्तर, त्यात पाच. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा स्वतःसाठी ताट वाढून घेऊन आली. भात, डाळ, वर तेल. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि मोठा घास घेतला.

"सुटायची तारीख कळली की मला सांग," ती म्हणाली. "तोवर मी जगते."